बाळंतिणीला विचारायचे दहा प्रश्न

झोप नाही, जेवणावर वासना नाही, अंगात त्राण नाही. एरवी नैराश्य ओळखताना डॉक्टर याच खुणा शोधतात. पण दर दोन तासांनी बाळाला पाजायला उठणाऱ्या बाईची झोप पुरी कशी होणार? नेहमीच्या प्रश्नावल्या बाळंतिणीच्या बाबतीत फसायच्या त्या इथेच.

जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सॅगोव्हस्की यांनी 1987 मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार केलेल्या ‘एडिंबरा’ प्रश्नावलीचं खरं कसब त्यामुळे काय गाळायचं यात आहे. थकवा नाही, भूक नाही, वजन नाही. गेल्या सात दिवसांत मनात काय चाललं होतं, एवढंच दहा प्रश्नांत विचारायचं. पूर्वीसारखं हसू येतं का, काही चुकलं की स्वतःलाच दोष देता का, कारण नसताना धास्ती वाटते का. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 30. झोपेचा प्रश्न त्यात आहे, पण मन इतकं उदास असतं का की त्यापायी झोप लागत नाही, असा. बाळाच्या रडण्याने मोडलेली झोप वेगळी आणि बाळ निवांत झोपलेलं असताना आईचा डोळ्याला डोळा न लागणं वेगळं. हा फरक एका वाक्यात पकडला आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू मात्र निराळं. वार पडल्यावर शरीरातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं झपाट्याने उतरतात. त्या सुमारास कित्येकींना भरून येतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. ओसरलं नाही, तर नीट विचारायला हवं.

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच विचारलं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं. बाळ मुलगी की मुलगा, यावरही धोका कमी-जास्त होत होता. म्हणजे सगळा भार संप्रेरकांवर टाकून घरातल्यांना मोकळं होता येत नाही.

गुण जास्त आले म्हणजे निदान झालं, असं नाही. 2020 मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र तपासली गेली. 11 किंवा जास्त गुण ही सीमा धरली, तर नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे 81 जणी सापडतात आणि नसलेल्या शंभरातल्या 12 जणींकडे विनाकारण बोट जातं. म्हणून चाचणीनंतर जाणकार माणसाने तिच्याशी बोलायलाच हवं.

आणि उत्तर तिचंच हवं. सासू शेजारी बसलेली असताना ‘सगळं बरं आहे’ याखेरीज ती काय बोलणार? कधी सासूच परस्पर सांगून टाकते, “तिला काय धाड भरलीय? नातू किती गोड आहे!” दवाखान्यात तिला दहा मिनिटं एकटीला बसवणं हा या चाचणीचाच भाग मानला पाहिजे.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यातूनच हा कार्यक्रम देशभर गेला. आशाताई बाळाचं वजन करतात, ताप बघतात. आईला अंगावरून किती जातंय, किती वेळा जेवली, तेही विचारतात. हे दहा प्रश्न त्या फॉर्मवर नाहीत. ते तिथे असायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. पण पुढची सोय नसेल तर नुसतं विचारून काय उपयोग?

ती सोय गावपातळीवरही होऊ शकते. पाकिस्तानात अतिफ रहमान यांनी गावच्या आरोग्यसेविकांना समुपदेशनाची साधी तंत्रं शिकवली. 2008 च्या त्या अहवालानुसार, गरोदरपणीच नैराश्य असलेल्या ज्या बायकांना हा आधार मिळाला, त्यांच्यापैकी 23 टक्के बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे सेविका फक्त नेहमीसारख्या जात राहिल्या, त्यांच्यापैकी 53 टक्के.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे एक गुण जरी पडला, तरी बाकीची बेरीज बघत बसायचं नाही. तिला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.