जिताड्याच्या पेटीत काय उरलं

रायगडच्या खाड्यांत जिताड्याला काय लावायचं, हे आमच्या आधीच्या पिढीला विचारावं लागत नव्हतं. जिवंत कोळंबी, नाहीतर बोईट. बोईटाच्या पाठीत गरी अडकवून ते सोडायचं, म्हणजे ते धडपडत, तिरकं पोहतं. फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ साली गळाला लावायचा बुचाचा मासा कोरला, तोही असाच लंगडा पोहणारा. थव्यातल्या अधू माशावर मोठा मासा आधी झडप घालतो, हे दोन्हीकडच्यांनी पाण्याकडे बघूनच ओळखलं होतं.

गेल्या दोन दशकांत आमच्या हाती रॉड आले आणि पुढे ल्युअर, म्हणजे गळाला लावायचे नकली मासे, घरपोच मिळू लागले. पेट्या रंगांनी भरल्या. सगळी चर्चा रंगावर आणि कंपनीवर. त्या काळात खाडीकडे आमचं लक्ष फार कमी होतं, असं आता वाटतं.

पावसाळ्यात अंबा आणि कुंडलिका गढूळ होतात तेव्हा रंग दिसतच नाही. जिताडा अंगावरच्या रेषेने पाण्यातली थरथर टिपतो. तिथे जाड शेपटीचा, गडद रबरी मासा चालतो. दसऱ्यानंतर पाणी निवळलं की चंदेरी, सडपातळ मिनो ल्युअर. उधाणाला ओढ जास्त, म्हणून जिगचं, म्हणजे गरीला जोडलेल्या शिशाचं, डोकं जड, भांगाला हलकं.

हे सगळं खऱ्या अर्थाने शिकवलं ते खारबंदिस्तीच्या उघाडीने, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराने. ओहोटी लागली की आतलं पाणी जोरात बाहेर पडतं, बरोबर कोळंबी आणि बारीक मासळी. जिताडा त्या धारेत नसतो. धारेच्या कडेला, संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून दबा धरतो. ल्युअर धारेत सोडायचा आणि वाहत त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचा. रीळ फिरवायचं ते फक्त दोरी ताठ राहण्यापुरतं. तोंड उघडताच तो पाण्यासकट घास आत ओढतो आणि ‘भप्’ असा आवाज येतो. मग कल्ल्याच्या धारेने दोरी कापली जाऊ नये म्हणून पुढे लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, हवाच. याच उघाडीतून जिताड्याची पिल्लं आत शिरतात. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात ती तळ्यांत वाढवण्याची जुनी रीत आहे.

उरणकडची बरीच खाजणं भरावाखाली गेली, याचं मला फार वाईट वाटतं. पिल्लांना थाराच उरला नाही, तर उत्तम ल्युअर घेऊन करायचं काय?

जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा मासा बहुधा अंड्यांचा. तिहेरी गऱ्या त्याचा जबडा फाडतात, म्हणून मी त्या काढून प्रत्येक ल्युअरला एकेरी, बिनकाट्याची, जाड तारेची गरी लावली आहे. पक्कड धरून ती पाण्यातच सोडवता येते, मासा खडकावर घ्यावा लागत नाही. खाण्यापुरता मध्यम जिताडा ठेवतो. मोठी मादी परत जाते.