नाशिकची पांढरी वाइन

नाशिकची पांढरी वाइन ही महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यात, प्रामुख्याने सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या मूळच्या फ्रेंच द्राक्षजातींपासून तयार होणारी, फिकट रंगाची व आंबटसर चवीची वाइन आहे. बागायतदारांच्या बोलण्यात या जाती 'सॉव्हिनॉन ब्लँक' व 'चेनिन ब्लँक' म्हणून रूढ आहेत. फ्रान्समधील लुआर नदीचे खोरे हा दोन्ही जातींचा प्रसिद्ध प्रदेश असून तो सुमारे ४७° उत्तर अक्षांशावर आहे. नाशिक २०° उत्तर अक्षांशावर आहे. उष्ण कटिबंधातील या प्रदेशात द्राक्षांचा आंबटपणा टिकवणे हा येथील वाइननिर्मितीचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

आंबटपणाचे महत्त्व

द्राक्षात मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक ही दोन आम्ले असतात. मण्यात पाणी उतरल्यानंतर साखर वाढू लागते आणि आम्लाचे प्रमाण घटते. यांपैकी मॅलिक आम्ल वेलीच्या श्वसनक्रियेत खर्ची पडते आणि तापमान जितके अधिक, तितका हा खर्च वेगाने होतो. टार्टारिक आम्ल त्या मानाने टिकाऊ असते. लुआर किंवा शाब्ली येथील थंड हवेत आम्ल आपोआप राखले जाते; तेथील शेतकऱ्याची काळजी वेगळी असते. द्राक्षे पुरेशी पिकतील का, आणि एप्रिलमधील हिमतुषार कोवळे कोंब जाळणार तर नाहीत ना, हे त्याचे प्रश्न असतात. नाशिकमध्ये पिकण्याची चिंता नसते, पिकण्याच्या वेगाची असते.

स्थान व हवामान

सह्याद्रीच्या पश्चिमेस, रायगडच्या किनारपट्टीवर वाइनची द्राक्षशेती का रुजली नाही, हे पाहिल्यास नाशिकचे स्थानमाहात्म्य लवकर लक्षात येते. अलिबाग-मुरूड पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हवेत दमटपणा राहतो आणि समुद्रसान्निध्यामुळे हिवाळ्यातील रात्रीही फारशा थंड होत नाहीत. अशा हवेत वेलीवर केवडा व भुरी या बुरशीजन्य रोगांचा प्रादुर्भाव होतो आणि आम्ल राखणारी गार रात्र मिळत नाही. (याच किनाऱ्यावर नवगाव परिसरात स्थायिक झालेल्या बेने इस्रायली समाजात शब्बाथच्या विधीसाठी वाइनऐवजी मनुका भिजवून केलेले सरबत वापरण्याची परंपरा आहे.)

घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे गेल्यावर पाऊस झपाट्याने कमी होतो. इगतपुरीला कोकणासारखा पाऊस पडतो, तर निफाडकडे पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश लागतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात दिवसा तापमान तीस अंशांच्या आसपास जाते आणि रात्री दहा अंशांखाली उतरू शकते. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील थंडीची नोंद तर दरवर्षी बातम्यांचा विषय ठरते. जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. भारी काळ्या जमिनीत वेल पानांनी माजते, म्हणून निचरा होणारी मुरमाड, उताराची जमीन वाइनच्या द्राक्षांसाठी पसंत केली जाते. शाब्लीच्या चुनखडीयुक्त मातीशी तिचे साम्य नाही. खडकाची चव थेट वाइनमध्ये उतरते हा समज लोकप्रिय असला तरी शास्त्रीय आधारावर टिकत नाही; मातीचा प्रभाव मुख्यतः पाण्याचा निचरा आणि वेलीची वाढ यांच्याद्वारे पडतो.

दोन छाटण्या

फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि फळ सप्टेंबरच्या सुमारास काढले जाते. महाराष्ट्रात वेलीला अशी सक्तीची विश्रांती मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नव्या काड्या वाढवतात आणि त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्मघडनिर्मिती होऊ देतात; सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून पीक धरतात. त्यामुळे फळ ऐन थंडीत पिकते आणि पांढऱ्या जातींची काढणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होते. लुआरमध्ये जे काम अक्षांश करतो, ते येथे कात्रीने करावे लागते.

यातील जोखीम फळछाटणीच्या तारखेत आहे. छाटणी लवकर केली तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर केवडा येतो. उशिरा केली तर फळ मार्चच्या उन्हात सापडते, साखर भराभर चढते आणि आम्ल निघून जाते. हिवाळ्यातील अवकाळी पाऊस व गारपीट हा धोका दोन्ही बाजूंनी राहतोच. खाण्याची द्राक्षे मांडवावर घेतली जातात. वाइनच्या वेली बहुधा तारांच्या आधारे उभ्या वाढवतात आणि पाने राखून घडांवर सावली ठेवतात. सोव्हिन्याँ ब्लाँमधील ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास देणारी द्रव्ये ऊन लागले की कमी होतात, त्यामुळे पाने किती काढायची यावरही वाइनचा स्वाद ठरतो.

वाइननिर्मिती

काढणी पहाटे, गारव्यात करतात आणि द्राक्षे लगेच थंड केली जातात. रस अलगद दाबून काढला जातो. हवेशी संपर्क झाल्यास सुगंध नष्ट होऊन रंग तपकिरी होतो, म्हणून तो टाळतात. रस निवळल्यावर दुहेरी आवरणाच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत, साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअस तापमानात तो मंदपणे आंबवला जातो. मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारी जिवाणूंची दुसरी प्रक्रिया येथे सहसा रोखली जाते. शाब्लीमध्ये मात्र आम्ल मुबलक असल्याने ती होऊ देतात. ओकच्या पिंपांचा वापरही या शैलीत टाळला जातो.

थंड फ्रेंच प्रदेशांत कमी पिकलेल्या हंगामात रसात साखर घालण्यास मर्यादित परवानगी असते. उष्ण प्रदेशांत टार्टारिक आम्ल घातले जाते. शेनँ ब्लाँच्या वाइनमध्ये थोडी साखर शिल्लक ठेवून गोडसर शैली साधण्याची पद्धतही नाशिकमध्ये रूढ आहे.

उद्योग

महाराष्ट्रातील आधुनिक वाइनउद्योगाची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगाव येथे झाली. नाशिकमध्ये सुला विनयार्ड्सने २००० साली सोव्हिन्याँ ब्लाँ व शेनँ ब्लाँ बाजारात आणल्या. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि विंचूर येथे वाइन पार्क उभे राहिले. दिंडोरी येथे शाँदोंची फसफसती वाइन तयार होते. तिच्यासाठी द्राक्षे आम्ल भरपूर असतानाच तोडली जातात. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे.

साठवण

ही वाइन ताजेपणासाठीच बनवलेली असल्याने बहुतेक बाटल्या एक-दोन वर्षांत संपवणे योग्य ठरते. ती ८ ते १० अंश तापमानाला, मासळीबरोबर देण्याची पद्धत आहे. दमट व उष्ण किनारी भागात, उदाहरणार्थ अलिबागच्या उन्हाळ्यात, थंड साठवणुकीविना ठेवलेली बाटली काही आठवड्यांतच आपला सुगंध गमावू शकते.