धुके निसर्गाचे, जबाबदारी कोणाची?

डिसेंबर संपत आला की दिल्लीच्या विमानतळावर धुके उतरते आणि त्याचे परिणाम मुंबई, पुणे, नागपूरपासून गोव्यापर्यंत जाणवू लागतात. जून-जुलैमध्ये पाळी मुंबईची असते. फलकावर आधी 'विलंब' आणि मग 'रद्द' अशी अक्षरे उमटतात, कंपनीच्या खिडकीपुढे रांग लागते आणि बहुतेक प्रश्नांना एकच उत्तर मिळते : 'हवामान खराब आहे, आमच्या हातात काही नाही.' हे उत्तर अर्धेच खरे आहे. धुके वा पाऊस कंपनीच्या हातात नसतो, हे कोणीही मान्य करील. परंतु उड्डाण रद्द झाल्यावर प्रवाशाला काय आणि केव्हा सांगायचे, त्याचे पैसे कसे परत करायचे, त्याच्या खाण्यापिण्याची काय व्यवस्था करायची आणि पुढच्या विमानात त्याला जागा कशी द्यायची, हे सारे कंपनीच्याच हातात असते. प्रवाशांचा खरा संताप असतो तो याच उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल.

धुक्यात विमान का अडते?

विमान उतरवताना धावपट्टी ठरावीक अंतरावरून दिसावी लागते. साध्या उपकरणयंत्रणेच्या साहाय्याने उतरायचे, तर धावपट्टीवरील दृश्यमानता सर्वसाधारणपणे ५५० मीटर असावी लागते. 'कॅट-३ बी' या प्रगत यंत्रणेमुळे ही मर्यादा ५० मीटरपर्यंत खाली येते आणि दिल्लीत ही यंत्रणा आहे. मात्र केवळ धावपट्टी सज्ज असून भागत नाही. विमानातही तशी उपकरणे लागतात आणि वैमानिकांनी त्यासाठीचे खास प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. या तिन्हींपैकी एक कडी निखळली, तरी ते विमान दुसरीकडे वळवावे लागते.

येथेच निसर्गाची हद्द संपते आणि नियोजनाची सुरू होते. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस दिल्लीत धुक्यामुळे अनेक विमाने अन्यत्र वळवावी लागली. त्यांतील काही उड्डाणांवर असे प्रशिक्षण घेतलेले वैमानिक नेमलेलेच नव्हते, असे आढळले. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, जानेवारी २०२४ मध्ये दोन मोठ्या विमान कंपन्यांना त्यासाठी प्रत्येकी ३० लाख रुपयांचा दंड ठोठावला. या प्रवाशांना सांगितले गेलेले कारण धुके हेच असणार आणि ते खोटेही नव्हते. फक्त ते पूर्ण नव्हते.

दुसरी बाब साखळीची. एकच विमान दिवसभरात अनेक शहरांना जाते. सकाळी दिल्लीत ते चार तास अडकले की दुपारची, संध्याकाळची आणि रात्रीची उड्डाणेही कोलमडतात. त्यातच वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. ती संपली की आभाळ निवळूनही विमान हलत नाही. त्यामुळे नागपूरला लख्ख ऊन असताना तेथील उड्डाण 'हवामानामुळे' रद्द होऊ शकते. मुंबईच्या अडचणीचे स्वरूप थोडे वेगळे आहे. येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी प्रामुख्याने एकाच धावपट्टीवर भिस्त असते. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले आणि ती काही दिवस बंद ठेवावी लागली. पाऊस त्या रात्रीचा, पण रद्द झालेली उड्डाणे पुढच्या कित्येक दिवसांची, असा तो प्रकार होता.

तीन हक्क, तीन नियम

प्रवासी आणि खिडकीतील कर्मचारी यांच्यातील बरेचसे वाद तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाल्याने होतात. पहिली गोष्ट म्हणजे नुकसानभरपाई, दुसरी म्हणजे पर्यायी विमान अथवा तिकिटाचे पैसे परत आणि तिसरी म्हणजे खोळंबलेल्या काळातील देखभाल. डीजीसीएने ऑगस्ट २०१० मध्ये लागू केलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या नियमावलीत या तिन्हींचा विचार आहे.

भरपाईचा हिशेब सरळ आहे. पुरेशी पूर्वसूचना न देता कंपनीने स्वतःच्या कारणासाठी उड्डाण रद्द केले, तर प्रवासाच्या कालावधीनुसार ५ हजार, ७ हजार ५०० किंवा १० हजार रुपये, अथवा एका बाजूचे मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावी लागते. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचा निर्णय, सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठी मात्र ही भरपाई मिळत नाही. हे न्याय्यच म्हणावे लागेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून मुंबईचा विमानतळ ठप्प झाला, तेव्हा त्याबद्दल कोणत्या कंपनीला दंड करणार?

दुसरा हक्क हवामानाने हिरावला जात नाही. उड्डाण रद्द झाले म्हणजे कंपनीने विकलेली सेवा दिलेली नाही. कारण काहीही असो, पर्यायी विमान किंवा संपूर्ण परतावा यांतील निवड प्रवाशाची. परताव्याऐवजी ती रक्कम पुढील प्रवासासाठी कंपनीकडे जमा ठेवायची की नाही, हेही प्रवाशाने ठरवायचे, कंपनीने परस्पर नव्हे, असे नियम स्पष्ट सांगतात. तरीही गोंधळाच्या वेळी 'पैसे परत मिळणार नाहीत, तारीख बदलून घ्या' असे सांगितले गेले, की अनेकजण मुकाट्याने मान डोलावतात. या हक्काची माहिती नसणे प्रवाशाला सर्वांत महागात पडते.

तिसऱ्या हक्काची स्थिती सर्वांत नाजूक आहे. उड्डाणाला ठरावीक तासांपेक्षा जास्त विलंब झाल्यास अल्पोपाहार वा जेवण, आणि विलंब २४ तासांहून अधिक असल्यास, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतील उड्डाणाला ६ तासांहून अधिक विलंब झाल्यास, हॉटेलात मोफत निवास, असे नियम आहेत. परंतु विलंब टाळता न येणाऱ्या असाधारण परिस्थितीमुळे झाला असेल, तर या बंधनातूनही कंपनीला सूट आहे. म्हणजे ज्या रात्री शेकडो माणसे, त्यांत म्हातारीकोतारी आणि तान्ही मुले, विमानतळावर अडकून पडण्याची शक्यता सर्वाधिक, नेमक्या त्याच रात्री त्यांच्या देखभालीची सक्ती सर्वांत सैल होते. अनेक कंपन्या अशा वेळी खाण्याचे डबे आणि पाणी देतात, हे खरे. पण नियमाने जे मागता येते आणि सौजन्य म्हणून जे मिळते, त्यांत फरक आहे.

न्यायालये काय म्हणतात?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका प्रकरणात विचार केला. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीहून हैदराबादला निघालेले एका स्वस्त दरातील कंपनीचे विमान धुक्यामुळे अडकले आणि प्रवाशांना कित्येक तास आतच बसून राहावे लागले. धुक्यामुळे झालेल्या विलंबाबद्दल भरपाई मागता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रस्तुत कंपनीने किमान सोयी पुरवल्या होत्या, म्हणून निकालही तिच्या बाजूने दिला. मात्र विमानात अडकलेल्या प्रवाशाला अन्न, पाणी आणि स्वच्छतागृह एवढ्या किमान सोयी मिळाल्याच पाहिजेत आणि तिकीट स्वस्त आहे म्हणून त्या नाकारता येणार नाहीत, हे तत्त्वही याच निकालाने अधोरेखित केले.

युरोपने यापुढचे पाऊल टाकले आहे. फेब्रुवारी २००५ पासून तेथे लागू असलेल्या नियमांनुसार खराब हवामानात भरपाई मिळत नाही, पण देखभालीचे बंधन कायम राहते. २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश अनेक दिवस बंद पडले, तेव्हा ही आपत्ती सर्व नियमांच्या पलीकडची आहे, असा युक्तिवाद झाला. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये तो फेटाळला. आपत्ती जितकी मोठी, तितकी प्रवाशाला देखभालीची गरज अधिक, आणि तिचा खर्च कंपनीने भाड्यातून वसूल करावा, असा त्या निकालाचा आशय होता. हे नियम युरोपातील विमानतळांवरून निघणाऱ्या सर्व विमानांना लागू असल्याने पॅरिस किंवा फ्रँकफर्टहून मुंबईला परतणाऱ्या प्रवाशालाही त्यांचा लाभ मिळतो.

अमेरिकेला जाग आली ती फेब्रुवारी २००७ मधील हिमवादळाने. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर तेव्हा काही विमाने प्रवाशांसह कित्येक तास जमिनीवरच खोळंबून राहिली. एप्रिल २०१० पासून तेथे देशांतर्गत विमानातील प्रवाशांना तीन तासांच्या आत उतरण्याची संधी देणे बंधनकारक झाले. आपल्याकडे ही वेळ जानेवारी २०२४ मध्ये आली. गोव्याहून दिल्लीला जाणारे इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईकडे वळवण्यात आले आणि तासन् तासांच्या विलंबाने वैतागलेले प्रवासी विमानाशेजारी उघड्यावर बसून जेवले. त्याबद्दल कंपनीला १ कोटी २० लाख रुपये आणि मुंबई विमानतळाच्या चालक कंपनीला एकूण ९० लाख रुपये दंड झाला. मात्र दंड सरकारजमा होतो. खोळंबलेल्या प्रवाशाच्या हाती त्यातून काही पडत नाही.

कारणांची खिचडी

हवामानाच्या कारणाला सूट असल्यामुळे ते पुढे करण्याचा मोह स्वाभाविक असतो. डिसेंबर २०२५ च्या आरंभी इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीच्या नव्या नियमांसाठी पुरेशी तयारी नसणे, हे त्यामागचे मुख्य कारण होते. पण कंपनीने सुरुवातीला जी कारणे दिली, त्यांत तांत्रिक बिघाड आणि गर्दी यांच्या जोडीला प्रतिकूल हवामानही होते. अशा खिचडीतून आपले उड्डाण नेमके कशामुळे रद्द झाले, हे सामान्य प्रवाशाने कसे ओळखावे?

त्यावर काही साधे उपाय आहेत. तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा, कारण संपर्काचा तपशील न देणाऱ्यास भरपाई मागता येत नाही. उड्डाण रद्द झाल्याचे कारण लेखी मागावे आणि आलेला संदेश जपून ठेवावा. त्याच सुमारास त्याच मार्गावर इतर कंपन्यांची विमाने गेली असतील, तर त्याची नोंद करावी. तक्रारीत ती उपयोगी पडते. स्वतः केलेल्या खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात. कंपनीने दाद न दिल्यास सरकारच्या 'एअरसेवा' संकेतस्थळावर आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

अर्थात, मध्यरात्री विमानतळावर लहान मूल घेऊन बसलेल्या आईला ग्राहक आयोगाचा पत्ता उपयोगाचा नसतो. तिला हवे असते दूध, पाठ टेकायला जागा आणि विमान केव्हा सुटेल याचे खरे उत्तर. भरपाई कारणावर अवलंबून असावी, हे रास्त आहे. भूक आणि झोप मात्र कारण पाहून लागत नाही. म्हणूनच किमान देखभालीच्या नियमातून हवामानाचा अपवाद वगळणे, ही भारतीय नियमावलीतील सर्वांत निकडीची दुरुस्ती ठरते. तिचा भार प्रत्येक तिकिटावर वाटला, तर तो फारसा जाणवणार नाही. आणि धुके तर दर वर्षी, ठरल्या महिन्यात, येतच असते.