समुद्र उघडा, बाजार बंद

पुण्यास समुद्र नाही; तरी गणेश पेठेतील मासळी बाजारात पापलेट, सुरमई, कोलंबी येते आणि आपण ती घासाघीस करून घरी नेतो. घाट चढून येणाऱ्या या मासळीमागे किती हातांची साखळी असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रोग समुद्रात नव्हता, मासेही होते. मग कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या मच्छीमाराचे पोट का अडले?

पहिले कारण मालाच्या स्वभावात आहे. ज्वारी कणगीत राहते, कांदा चाळीत राहतो. बांगडा मात्र बर्फाविना दिवसभरही टिकत नाही. म्हणून मासे पकडणे हे निम्मेच काम होय. बर्फाचा कारखाना, बंदरावरचा लिलाव, टेम्पो, शहरातील बाजार आणि पाटी घेऊन दारोदार फिरणारी कोळीण, ही सारी साखळी रोजच्या रोज चालावी लागते. हर्णै बंदरात लिलाव भर किनाऱ्यावर, गर्दीतच होतो. गर्दीस बंदी म्हणजे लिलावासही बंदी. केंद्र सरकारने १० एप्रिल २०२० रोजी मासेमारीस व मासळीच्या विक्रीस सूट दिली खरी. पण त्या कागदाने समुद्र उघडला, बाजार उघडला नाही. हॉटेले बंद, निर्यात मंदावलेली, मुंबईच्या लोकलगाड्या थांबलेल्या. बोंबील, जवळा सुकवून ठेवण्याचा जुना आधार होता. पण सुकी मासळी जिथे खपते ते आठवडे बाजारही बंदच होते.

दुसरे कारण कामाच्या रीतीत आहे. सिंधुदुर्गातील रापण किनाऱ्यावरून ओढतात. जाळ्याच्या दोन्ही दोरांना कितीतरी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. तेथे 'अंतर ठेवा' म्हणणे म्हणजे 'काम करू नका' म्हणणेच. शिवाय अशा मासेमारीत ठरलेला पगार नसतो. विक्रीतून खर्च वजा जाता जे उरेल त्याचे वाटे पडतात. विक्री नाही तर वाटा नाही. कारखान्यातील कामगार निदान थकलेल्या पगारावर हक्क सांगू शकतो. रापणकराने तो कोणाकडे सांगावा?

तिसरे कारण काळाचे. जून-जुलैत मासेमारीस पावसाळी बंदी असते. त्या दोन महिन्यांची बेगमी, जाळ्यांची दुरुस्ती, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, हे सारे एप्रिल-मेच्या कमाईतून व्हायचे. नेमके तेच महिने हातचे गेले आणि ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. बेगमी नसलेल्या घरांवरचे छप्परही उडाले.

आता मदतीचा विचार करू. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० पर्यंतचे कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्यास परवानगी दिली. पण व्याज चालूच राहिले आणि ज्याने बँकेऐवजी व्यापाऱ्याकडून उचल घेतली, त्यास या सवलतीचा उपयोग नव्हता. उचल घेणाऱ्याने मासळी त्याच व्यापाऱ्यास, त्याच्याच भावाने द्यायची असते. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मच्छीमारांसाठी खुली करण्यात आली. ती या फासातून सोडवू शकते, पण खलाशाच्या व विक्रेतीच्या हाती ती पोहोचली तरच.

मुळात आपल्या मदतीची मोजपट्टी होडी ही आहे. डिझेलवरील कराचा परतावा यांत्रिक नौकेस मिळतो, वादळात फुटलेल्या होडीचा पंचनामा होतो. साथीत मात्र होडी शाबूत होती, जाळे शाबूत होते. बुडाली ती रोजची कमाई. न विकलेल्या मासळीचा पंचनामा कोण करणार? आणि जिच्या नावावर होडीच नाही, त्या कोळणीचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहिणार?

साथ ओसरली, गणेश पेठेत पुन्हा गर्दी झाली. पण पुढची आपत्ती येण्याआधी मच्छीमार कोणास म्हणावे, हे नव्याने ठरवले पाहिजे. होडीचा मालक तेवढाच मच्छीमार नव्हे. दोर ओढणारा, बर्फ फोडणारा आणि पाटी उचलणारी, ही सारी मच्छीमारच होत. त्यांची नोंद आज झाली, तरच उद्याची मदत त्यांच्या दारी जाईल.