शेळीच्या कानाखालची गाठ

कोल्हार प्रवरेकाठचं, नगर-मनमाड रस्त्यावरचं गाव. संगमनेरी शेळी याच मुलखातली आणि शेतात वाडा बसवणाऱ्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्याही इथल्या ओळखीच्या. या दोघींना होणारा एक चिवट रोग म्हणजे पुवाच्या गाठी.

गाठ कशाची?

कोरीनीबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलॉसिस हा जिवाणू बाभळीचा काटा, कातरीची जखम किंवा कानातल्या बिल्ल्याचं भोक यांतून आत शिरतो आणि जवळच्या लसिका ग्रंथीत ठाण मांडतो. गाठ कानाखाली, जबड्याखाली, खांद्यापुढे किंवा कासेजवळ येते. आतला पू घट्ट, पांढरट-हिरवट असतो. मेंढीत तर त्याचे कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. फुप्फुसात किंवा यकृतात झालेली गाठ बाहेरून कळत नाही. जनावर खातंपितं, तरी वाळत जातं.

फोडण्याची घाई नको

गाठ मऊ झाली की गोठ्यातच ब्लेड मारायची सवय सर्रास दिसते. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. त्या पुवात असंख्य जिवाणू असतात आणि ते मातीत, गव्हाणीत महिनोन् महिने जगतात. एका शेळीची सुटका होते आणि अख्खा कळप धोक्यात येतो.

शिवाय प्रत्येक सूज पुवाची नसते. जंतांमुळे रक्त कमी झालं की जबड्याखाली पाणी उतरतं. कानाखालून मोठ्या रक्तवाहिन्या आणि चेहऱ्याची नस जाते. म्हणून सुई घालून खात्री करणं आणि चिरा देणं हे पशुवैद्यकाचंच काम.

मग करायचं काय?

गाठ दिसताच शेळी वेगळी बांधा. गाठ कळपापासून दूर उघडावी, पू भांड्यात धरून जाळावा, पोकळी पोव्हिडोन आयोडीनने धुवावी. जखम पूर्ण भरेपर्यंत शेळी कळपात सोडू नये. नुसत्या इंजेक्शनांवर पैसे घालवू नका. गाठीचं जाड कवच औषध आत पोचू देत नाही. पुन्हा पुन्हा गाठी येणारी शेळी कळपातून काढावी, पण दुसऱ्याच्या कळपात विकू नये. कातरणी करताना आधी तरणी जनावरं घ्यावीत, गाठवाली शेवटी, आणि कातर दर वेळी जंतुनाशकात बुडवावी.

माणसाला धोका

क्वचित हा जिवाणू माणसालाही लागतो. पू हाताळताना हातमोजे घाला. काखेत किंवा मानेत गाठ आली, तर आपण शेळ्या सांभाळतो हे डॉक्टरांना आधी सांगा.