मण्यारदंशाचे निदान

मण्यार (शास्त्रीय नाव : बुंगारस सिरुलियस) या विषारी सापाच्या दंशाचे निदान हा ग्रामीण महाराष्ट्रातील आपत्कालीन वैद्यकापुढील एक अवघड प्रश्न आहे. घोणस चावली तर वेदना आणि सूज यांमुळे रुग्णाला दंश तत्काळ कळतो. मण्यार मात्र बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. जखम फारशी दुखत नाही, सुजत नाही आणि पुष्कळदा दातांच्या खुणाही सापडत नाहीत. त्यामुळे रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीत सापाचा उल्लेखच नसतो.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठचे बागायती शिवार आहे आणि पठार भागातील कोरडवाहू वस्त्याही आहेत. शेतातील वस्तीवर अंथरूण जमिनीवर घालण्याची रीत दोन्हीकडे आढळते. मण्यारीचे भक्ष्य असलेले उंदीर, पाली आणि इतर लहान साप घराच्या आसपास असतात. त्यांच्या मागावर ती आत शिरते. पावसाळ्यात हे प्रमाण वाढते.

राजस्थानात मण्यारीच्याच कुळातील एका सापाला ‘पीवणा’, म्हणजे निजलेल्याचा श्वास पिणारा, म्हणतात. समजूत खोटी आहे, परंतु तिच्यामागील निरीक्षण चुकीचे नाही : अंगावर जखम नाही आणि श्वास मात्र बंद पडत जातो.

लक्षणे आणि फसगत

रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो. उलटी होते, घसा दुखतो. घरची मंडळी रात्रीच्या जेवणाला दोष देतात. डॉक्टरही अपचन, विषबाधा किंवा पोटाचा शस्त्रक्रियायोग्य विकार यांचा विचार करू लागतात. पुढील काही तासांत पापण्या जड होऊन मिटू लागतात, वस्तू दुहेरी दिसतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो. मान उचलता येईनाशी होते आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू थकतात.

या टप्प्यावर पक्षाघात, मायस्थेनिया ग्रेव्हिस, बोट्युलिझम व गिलाँ-बारे सिंड्रोम हे पर्याय समोर येतात. 2025च्या प्रारंभी पुण्यात गिलाँ-बारेचे अनेक रुग्ण आढळल्याने ते नाव आता सर्वसामान्यांनाही ठाऊक झाले आहे. त्या विकारात अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो आणि त्यास काही दिवस लागतात. मण्यारीच्या विषाने तो पापण्यांपासून खाली उतरतो, तोही काही तासांत. पक्षाघातात सहसा शरीराची एक बाजू लुळी पडते. येथे दोन्ही पापण्या सारख्याच ढळतात.

प्रयोगशाळेचा आधार येथे तोकडा पडतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, ते काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून तपासता येते. मण्यारीच्या दंशात ही चाचणी सामान्यतः निर्दोष येते, आणि तेवढ्यावर ‘सर्पदंश नाही’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरते. म्हणून रुग्ण काल रात्री कोठे झोपला होता, जमिनीवर की खाटेवर, हा साधा प्रश्न अनेक तपासण्यांपेक्षा मोलाचा आहे. घरात मारलेला साप दाखवला गेला तर कवड्या या बिनविषारी सापाशी गल्लत होऊ शकते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीने असतात आणि शेपटीपर्यंत जातात.

सर्वांत गंभीर फसगत शेवटच्या अवस्थेत होते. रुग्ण हालचाल करत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या व प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या असतात. हे दृश्य मेंदूमृत्यूसारखे भासते. प्रत्यक्षात विषाने स्नायूंचे संदेशवहन थांबलेले असते आणि प्राणवायूचा पुरवठा टिकला असेल तर मेंदू शाबूत असतो. रुग्णाला आजूबाजूचे बोलणे ऐकूही येत असू शकते.

उपचार

भारतात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवर मिळून एकच प्रतिविष वापरले जाते. मुंबईची हाफकिन संस्था त्याच्या उत्पादकांपैकी एक आहे. मण्यारीचे विष चेतातंतूंच्या टोकांनाच इजा करत असल्याने उशिरा दिलेले प्रतिविष झालेली हानी भरून काढत नाही. नागदंशात गुण देणारे निओस्टिग्मिनही येथे बहुधा अपुरे ठरते. जीव वाचतो तो मुख्यतः कृत्रिम श्वसनाने. चेतातंतूंची टोके पुन्हा तयार होईपर्यंत, कित्येक दिवस, कधी त्याहून अधिक काळ, श्वास चालू ठेवावा लागतो. व्हेंटिलेटर नसेल तेथे हाताने दाबायच्या अंबू पिशवीवर रुग्णाला मोठ्या रुग्णालयापर्यंत नेले जाते. संगमनेरशेजारच्या राहाता तालुक्यात लोणी येथे प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाबरोबरच पश्चिम महाराष्ट्रातील मण्यारदंशावरही शोधनिबंध लिहिले. पुणे–नाशिक महामार्गावरील नारायणगाव येथे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाचे रुग्ण दीर्घकाळ हाताळले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाची गणना दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केली.