उमेदवारी सुईदोऱ्याची

शिंपीकाम करणाऱ्या घरातल्या संत नामदेवांचं नरसी आपल्या हिंगोली जिल्ह्यातच आहे. सिनेमाच्या वेशभूषेसाठी इथून मुंबई गाठावी लागते, पण शिलाई मशीनशी ओळख गावातही होते.

वेशभूषाकार भानू अथय्यांची उमेदवारी तर साप्ताहिकात झाली. कोल्हापूरची ही मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली आणि ‘ईव्हज वीकली’साठी फॅशनची चित्रं काढू लागली. संपादिकेनं बुटीक उघडलं, तेव्हा कागदावरचे कपडे माणसांच्या अंगावर आले. १९५६मध्ये ‘सी.आय.डी.’ हा सिनेमा, १९८३मध्ये ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलंच!

आजच्या नवख्याच्या वाट्याला आधी इस्त्री, बटणं आणि कंटिन्युइटीची वही येते: कोणत्या प्रसंगात बाही किती दुमडली होती, याची चोख नोंद.